समुद्रकाठच्या खोपटात चार दिवस राहायचं तर काय तयारी करावी?

प्रश्न असा आहे: ‘आम्ही लातूरचे. एप्रिलमध्ये कोकणात समुद्राच्या कड्यावरचं एक खोपटं चार दिवसांसाठी मिळतंय. वीज नाही, नळ नाही, मोबाईलला रेंज नाही. आम्ही दोघं आणि आठ वर्षांचा मुलगा. राहणं जमेल का, काय काय न्यावं? पाण्याची चिंता नाही, मालक म्हणतो विहीर आहे. शिवाय आम्ही दुष्काळी भागातले, पाणी कसं वापरायचं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.’

जमेल. चार दिवस कुणालाही जमतात. हे उत्तर मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळं. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, माझा थोरला भाऊ २००७ पासून मला ऐकवतोय.

मी परभणी जिल्ह्यातला. २००६ साली गुहागर तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका वाडीवर शिक्षणसेवक म्हणून लागलो, महिन्याला ३,००० रुपये मानधन. आमच्याकडची डी.एड. झालेली कितीतरी पोरं तेव्हा अशीच कोकणात गेली. वाडीत एक खोली मिळाली होती, पण शिमग्याला मालकाचे मुंबईचे भाऊबंद आले आणि ती सोडावी लागली. मालक भला माणूस. त्यानंच कड्यावरच्या आंब्याच्या बागेतली राखणीची खोप उघडून दिली. त्या साली मोहोर गळाला होता, म्हणून राखण्या ठेवलेला नव्हता. शिमग्यापासून १ मेच्या निकालापर्यंत मी तिथं राहिलो.

तीन भिंती चिऱ्याच्या, चौथी बाजू झावळ्यांच्या विणलेल्या झापांची. शेणानं सारवलेली भुई, एक बाकडं, तीन दगडांची चूल. मी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर वाढलेला, कंदिलाच्या उजेडात दहावी केलेला माणूस, मला त्यात अवघड काहीच वाटलं नाही. नवीन होती ती खारी हवा. आठ दिवसांत काडेपेटी निकामी झाली. काडी ओढली की गूल पेटायचं नाही, चुरगळून बोटाला लागायचं. कंदिलाच्या काचेवर रोज सकाळी पातळ साय धरलेली असायची. एकदा ओल्या बोटानं ती पुसून जिभेला लावली तर खारट. कुलूप गंजून किल्ली आतच फिरेनाशी झाली, मग दाराला सुतळी बांधून शाळेला जाऊ लागलो. कपडे वाळले असं कधी वाटायचंच नाही. उधाणाच्या रात्री खालच्या घळीत लाट शिरली की भुईतून दणका यायचा आणि कळशीवरचं झाकण वाजायचं. पहिले दोन दिवस झोप लागली नाही. नंतर त्या दणक्याशिवाय झोप लागेना.

आता विहिरीचं. पाखाडीनं, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेनं, खाली उतरलं की समुद्रापासून शे-दीडशे पावलांवर चार घरांची मिळून एक विहीर होती. चिऱ्यानं बांधलेली, वर रहाट, आणि पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसायची. पाणी गोडं. एवढ्या खाऱ्या दर्याच्या कुशीत गोडं पाणी, हे बघून मी पहिल्या दिवशी तिथं नुसताच बसून राहिलो होतो.

तिचा एक नेम होता. सकाळी घरटी सहा कळश्या, तिसऱ्या प्रहरी दोन, दिवेलागणीनंतर कुणी रहाटाला हात लावायचा नाही. शेजारच्या घरातल्या आजींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ‘गुरुजी, रातची हिला निजू द्यायची.’ मला ती श्रद्धेची गोष्ट वाटली. मी मान डोलावली आणि नेम पाळला, पण का पाळायचा ते विचारलं नाही. शिक्षक असून विचारलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दादा आला. परभणीहून एसटी बदलत बदलत, खांद्यावर पोतं. त्यात ज्वारीचं पीठ, तुरीची दाळ, येसर, लाल मिरच्या. कोकणात मला ज्वारी मिळत नव्हती, म्हणून तो एवढ्या लांबून घेऊन आला होता. त्या रात्री मी चुलीवर भाकरी थापल्या. दोघं कड्यावर बसून जेवलो. दादानं समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘एवढं पाणी, अन् एक टिपूस पिकाच्या कामाचं नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला कळशी घेऊन पाखाडी चढताना पाहिलं आणि त्याचा जीव तुटला. ‘आरं, हे काय करायलास? भरलेली विहीर हाय अन् कळशी कळशीनं पाणी न्यायलास?’ दुपारपर्यंत तो वरच्या वाडीतून बागेला पाणी द्यायचं रॉकेलवरचं इंजिन मागून घेऊन आला, पाइपासकट. मालकाला काय सांगितलं कोण जाणे, पण दादा माणसं पटकन जोडतो. आणि त्यानं पाणी एकट्या माझ्यासाठी ओढलं नाही. चारही घरांची टिपाडं, हंडे, न्हाणीतल्या दगडी डोणी, गुरांची कुंडं, सगळं काठोकाठ भरून दिलं. आजींच्या दारात तर त्यानं पातेलीसुद्धा मांडायला लावली. दोन तास इंजिन चाललं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं ते मला आजही दिसतं. टँकरमागं धावण्यात ज्याचं बालपण गेलं, त्या माणसाचं समाधान होतं ते.

आजी विहिरीच्या कठड्यापाशी उभ्या होत्या. ‘गुरुजी, आता ऱ्हाऊ द्या वो,’ त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या. पाइप माझ्या हातात होता. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. मला ऐकू आलं होतं. माझा भाऊ पहिल्यांदाच माझ्याकडं आलेला, सगळ्या वाडीसाठी राबतोय, त्याला थांब म्हणायची माझी इच्छा नव्हती. तळाच्या वाळूतून पाइप खरखरायला लागला तेव्हा इंजिन बंद केलं.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. तिसऱ्या दिवशी माझी दाळ शिजेना. दीड तास चुलीवर, रटरटा उकळतेय, पण दाणा तसाच अख्खा. चहाला वेगळीच चव. साबणाला फेस येईना. मग विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. मचूळ.

यामागचं गणित मी पुढं वाचून समजून घेतलं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. पावसाचं मुरलेलं पाणी किनाऱ्यापाशी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावरच्या सायीसारखं. समुद्रसपाटीच्या वर ते एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं. वरचं फूटभर पाणी एकदम ओढून घेतलं की तोल बिघडतो आणि विहिरीच्या बुडाखालून खारं पाणी वर चढतं. थोडं थोडं काढलं, रात्रभर विसावा दिला, तर डोंगरातून झिरपणारं गोडं पाणी ती जागा भरून काढतं. आजींच्या नेमात हे सगळं होतं. त्यांना चाळीस फुटांचा हिशोब माहीत नव्हता, पण तो पाळला मात्र त्यांनीच.

पाऊस पडेपर्यंत ती विहीर पिण्याला चालली नाही. चार घरांतल्या बायका वरच्या वाडीवर जाऊ लागल्या, चढणीची अर्ध्या तासाची वाट. मला कुणी काही बोललं नाही. पण एक दिवस तिसरीतला एक मुलगा उशिरा आला. का, तर आईबरोबर वर पाण्याला गेला होता. हजेरीत त्याचा उशीर मांडायला मी पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. त्या दिवसापासून १ मेपर्यंत शाळेआधी आजींच्या घरात दोन कळश्या मी आणून टाकायचो. फेड झाली असं मी म्हणत नाही.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘दोन घंट्यात विहीर खारट होती व्हय? आधीपासूनच तशी असंल.’ आणि वर, ‘आपण दुष्काळातली माणसं. आपल्याला पाण्याचं कुणी सांगू नये.’

माझं म्हणणं याच्या नेमकं उलटं आहे आणि आज ते स्पष्ट लिहितो. दुष्काळानं आपल्याला पाण्याची किंमत शिकवली असं आपण अभिमानानं सांगतो. खरं तर दुष्काळानं आपल्याला पाणी दिसलं की भरून ठेवायला शिकवलं. टँकर आला की घरातला तांब्यासुद्धा रिकामा ठेवायचा नाही. उद्या येईल की नाही कुणाला ठाऊक? टँकरपुढं ते बरोबरच आहे. तुम्ही लातूरचे आहात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आधीच्या महिन्यात पाणी भरायच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागली होती, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण विहीर म्हणजे टँकर नव्हे. आपण भरून ठेवलं की तिथलं संपतं, आणि ते कुणाचं तरी असतं. कोकणात ३,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, आपल्याकडं साधारण ७००. तरी एप्रिल-मेमध्ये त्यांच्या वाड्या तहानलेल्या असतात, कारण जांभा दगड चाळणीसारखा, पडलेलं पाणी धरून ठेवत नाही. उरतं ते एवढ्याशा विहिरीत. ते चार घरांत पुरवून वापरायची रीत त्यांच्याकडं आहे. आपल्याकडंही ती आडावर, बारवेवर होती. बोअर आल्यावर गेली.

दादानं गेल्या साली पाचवं बोअर घेतलं, साडेसहाशे फूट. चौथं पाचशेचं होतं, कोरडं गेलं. आपला काळा पाषाण. पाणी त्याच्या वरच्या भेगांत आणि मुरमात साठतं, खाली जाऊन सहसा धूळच निघते. शेजारच्या आखाड्यावरचा जुना आड त्याच साली आटला. मी म्हणालो, दादा, ही तीच गुहागरची विहीर आहे. तो जेवणावरून उठून गेला. आमचं बोलणं चालू आहे, पण हा विषय निघाला की थांबतं.

असो. तुमच्या तयारीकडं येतो. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरा. तिघांचं चार दिवसांचं ६० लिटर झालं, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन. ते गाडीतून न्या. विहिरीचं पाणी आंघोळीपुरतं घ्या, तेही शेजारच्या घरात विचारून. मालकाला फोन कराल तेव्हा विहीर आहे का हे विचारू नका, एप्रिलमध्ये तिच्यावर किती घरं पाणी भरतात ते विचारा. काड्या आणि मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात. लाकडं नेऊ नका, झावळ्या आणि करवंट्या तिथं मिळतात, पण कुणाच्या बागेतल्या ते विचारूनच उचला. मेच्या शेवटानंतर जाऊ नका. पावसाळ्यात त्या कड्यावर राहणं हा वेगळाच विषय आहे, आणि जून-जुलैत मासेमारीही बंद असते, तेव्हा समुद्रावर मदतीला होडी दिसेल ही आशा ठेवू नका.

मुलाला बुटांशिवाय बाहेर पाठवू नका. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं हा विषारी साप भरपूर, आणि तो दगडाच्याच रंगाचा असतो. लाल विंचूही आहे. त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढं आणणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातले. महाड-बिरवाडीकडं रुग्ण बघता बघता त्यांनी ते काम केलं. आता औषधं आहेत, पण दवाखान्यापर्यंत पोचायला हवं आणि तुमच्या खोपटाला रेंज नाही. म्हणून सर्वांत जवळचं घर कुणाचं, त्यांच्याकडं गाडी आहे का, ग्रामीण रुग्णालय किती लांब, हे पहिल्याच संध्याकाळी चालत जाऊन विचारून या. ‘आजूबाजूला कुणी नाही’ या गोष्टीवर खूश होणारी माणसं मला समजत नाहीत.

एक राहिलं. माझी गोष्ट समुद्राला खेटून असलेल्या विहिरीची आहे. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, किंवा डोंगरातल्या पाण्याला हा खाऱ्याचा धोका नाही, तिथं ते नुसतं आटतं. आणि झालेल्या प्रकाराचा दोष मी दादावर टाकलेला नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं.

मुलगा कंटाळेल का, हे तुम्ही खाली वेगळं विचारलंय. ओहोटीला खडपात, म्हणजे काठच्या खडकांत, घेऊन जा. दगडांच्या खळग्यांत अडकलेलं पाणी, त्यात खेकडे, कालवं, बोटाएवढे मासे. दोन तास कसे गेले कळणार नाही. भरतीची वेळ काढायची रीत मला आजींनीच शिकवली: तिथीचा आकडा पाऊणपट करायचा. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, एकादशीला सव्वाआठच्या. रोज पाऊण तासानं पुढं सरकते, सकाळी एकदा, रात्री एकदा. हा अंदाज आहे, तेव्हा भरतीच्या दोन तास आधीच पोराला घेऊन वर या.