एलेफ्थेरिया आणि आपलं रोप

प्रश्न असा आहे: आधुनिक ग्रीक कादंबऱ्यांवर मराठीत लिहिताना 'युटोपिया'ला 'रामराज्य' आणि 'एलेफ्थेरिया'ला, म्हणजे ग्रीकमधल्या स्वातंत्र्याला, 'मुक्ती' म्हटलं तर चालेल का?

'रामराज्य' तर मुळीच नको. व्याख्यानांतून ते ऐकून ऐकून कान किटले आहेत. रामराज्याला अयोध्या आहे, राजा आहे. युटोपियाला जागाच नाही. 'ऊ' म्हणजे नाही, 'तोपोस' म्हणजे जागा. शब्द प्राचीनही नाही. टॉमस मोर या इंग्रजाने १५१६ साली ग्रीक तुकडे जोडून तो घडवला. इंग्रजी उच्चारात हाच शब्द ग्रीक 'एउ', म्हणजे चांगलं, यापासूनही ऐकू येतो; 'चांगली जागा' हा त्यातला श्लेष थोर मानणाऱ्यांनी आजचा ग्रीक उच्चार ऐकावा. 'उतोपिया' वेगळं आणि 'एफ्तोपिया' वेगळं, श्लेष संपला. ग्रीक वाचकाला नुसतं 'नाही' ऐकू येतं. अरिस अलेक्झांद्रूच्या 'पेटी' या कादंबरीत यादवी युद्धातले कम्युनिस्ट सैनिक जिवावर उदार होऊन एक पेटी पोचवायला निघतात, आणि ती रिकामी निघते. तिथे रामराज्य कुठे बसवणार?

'एलेफ्थेरिया' मात्र आपल्या नात्यातली! जुने ग्रीक वैयाकरण तिची फोड 'मन ओढेल तिथे जाणं' अशी करत. ऐकायला गोड, पण ओढूनताणून केलेली. मूळ धातूचा अर्थ 'वाढणे'. त्यातूनच जर्मन 'लॉइटे', म्हणजे लोक. लॅटिन 'लिबेर', म्हणजे स्वतंत्र. आणि वेदातलं 'वीरुध्', म्हणजे वेल, झुडूप. संस्कृत 'रुह्' त्याच घरातला, आणि त्याच्या 'रोपयति'मधून आलं आपलं रोप, भाताचं, मिरचीचं. व्युत्पत्तिकार 'स्वतंत्र म्हणजे आपल्या लोकांतला' इथे थांबतात. मला ते अपुरं वाटतं. स्वतंत्र तो, जो आपल्या मातीत रुजून वाढला; गुलाम म्हणजे मुळासकट उपटून आणलेला. 'एलेफ्थेरिया किंवा मृत्यू' ही तुर्की सत्तेविरुद्धच्या १८२१ च्या ग्रीक उठावाची घोषणा अशी वाचून पाहा. ग्रीक लेखक कझान्त्झाकिसची 'कपेतान मिखालिस' (१९५३) ही कादंबरी वाचताना तर हा अर्थ पानोपानी जाणवतो. तुर्की अमलाखालच्या क्रीटमधला तो हट्टी माणूस कुणी आपल्याला सोडवावं म्हणून थांबलेला नाही. 'मुक्ती'त 'मुच्' आहे, सोडणे. म्हणजे बांधणाराही आला आणि सोडणाराही. म्हणून कादंबरीत 'स्वातंत्र्य'च लिहा.

'मुक्त' मी एकाच ठिकाणी लिहीन. क्रीटमधल्या इराक्लिओ शहराच्या तटावर कझान्त्झाकिसची कबर आहे. तिच्यावर कोरलंय: कशाची आशा नाही, कशाची भीती नाही, मी लेफ्तेरोस ('एलेफ्थेरिया'चंच विशेषण) आहे. आशाही सोडलेल्या माणसाला 'स्वतंत्र' हा शब्द तोकडा पडतो.