इलेक्ट्रॉन-प्रोटॉनमध्ये चार्ज येतो कुठून, कोण भरतो?

तुम्ही विचारलंय की हे कण आधी न्यूट्रल असतात का आणि मग त्यांच्यात चार्ज कोण भरतो. मी फोंड्याला अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या ट्यूशन घेतो, जूनमध्ये पहिला गडगडाट झाला आणि करंट गेला की अंधारात कोणीतरी पोर हेच विचारतं.

सगळा घोळ मोबाइलने करून ठेवलाय. तो चार्ज होतो, उतरतो, म्हणून चार्ज म्हणजे टाकीत भरायचं पाणी असं डोक्यात बसतं. इलेक्ट्रॉनचं तसं काही नाही, त्याचा चार्ज वापरून संपत नाही की झिजत नाही, आणि चार्ज काढून घेतलेला इलेक्ट्रॉन अशी वस्तूच नाही. आगरातल्या मिठाला खारटपणा मागाहून कोणी चोळत नाही ना, तसंच. कण इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्डशी, म्हणजे वीज-चुंबकाच्या क्षेत्राशी, किती जोरात जोडलाय आणि कुठल्या बाजूने, त्याचा आकडा म्हणजे चार्ज. नवा चार्जवाला कण तयार होतो, पण एकटा कधीच नाही. 1.022 एमईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक) वरचा गॅमा किरण अणूच्या न्यूक्लियसजवळून गेला तर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा उलट चार्जवाला जुळा) जोडीने निघू शकतात, एक मायनस एक प्लस, बेरीज आधीसारखी शून्य.

प्रोटॉनचं उत्तर थोडं सोपं आहे कारण तो आतून क्वार्क नावाच्या आणखी बारक्या कणांचा बनलेला आहे. इलेक्ट्रॉनचा चार्ज -1 धरा. दोन अप क्वार्क, प्रत्येकी +2/3, आणि एक डाउन, -1/3. झाला +1. न्यूट्रॉनमध्ये एक अप दोन डाउन, शून्य. आता म्हणाल क्वार्कमध्ये कुठून आला? परत तिथेच आलो.

पण मला विचाराल तर खरी झोप उडवणारी गोष्ट दुसरीच आहे. इलेक्ट्रॉन साधा एक कण, प्रोटॉन तीन क्वार्कचं गाठोडं, वजन जवळपास 1836 पट, तरी दोघांचे चार्ज इतके तंतोतंत सारखे की एकावर 21 शून्यं एवढ्यात एक भाग इतक्या बारकाईने मोजूनही फरक सापडलेला नाही. एकावर 18 शून्यं एवढ्यात एक भाग जरी फरक असता ना, तरी दोन हायड्रोजन अणूंमधला ढकलाढकलीचा जोर त्यांच्यातल्या ग्रॅव्हिटीएवढा झाला असता, मग कसले तारे न कसलं काय.

हे का जुळतं? अर्धं उत्तर आहे. प्रत्येक क्वार्क तीन कलरमध्ये येतो (खरा रंग नाही, त्याच्या तीन प्रकारांना दिलेलं नाव), म्हणून 3 × (2/3 - 1/3) म्हणजे 1, त्यात इलेक्ट्रॉनचा -1 आणि न्यूट्रिनो नावाच्या चार्ज नसलेल्या कणाचा 0 मिळवा, बेरीज शून्य. ही जुळली नाही तर स्टँडर्ड मॉडेलचं, म्हणजे या कणांच्या आजच्या मान्य सिद्धांताचं, गणितच फुटतं, अनॉमली म्हणतात त्याला. पण गणित फुटू नये म्हणून निसर्गाने आकडे जुळवले, असं म्हणणं मला तरी पटत नाही.

1974 मध्ये जॉर्जी आणि ग्लॅशो या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी क्वार्क आणि इलेक्ट्रॉन एकाच कुटुंबात बसवले, मग चार्ज आपोआप जुळतात. छान आयडिया, फक्त त्यात प्रोटॉन कधी ना कधी फुटायला हवा. ते बघायला 1980 च्या दशकात आपल्या शेजारी कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल डिटेक्टर लावला होता, मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था आणि जपानी शास्त्रज्ञ यांनी मिळून. काही संशयित घटना दिसल्या, पण बाकीच्या प्रयोगांना तसं काही मिळालं नाही. आता जपानमध्ये सुपर-कामिओकांडे नावाचा डिटेक्टर 50,000 टन पाणी घेऊन 1996 पासून वाट बघतोय, अजून एकही प्रोटॉन फुटलेला पक्का सापडलेला नाही, आणि जॉर्जी-ग्लॅशोंच्या आयडियाचं ते साधं रूप प्रोटॉन फुटताना न दिसल्यामुळे आधीच बाद झालंय.