कुठला ‘स्रोत’, कसलं ‘मिश्रण’?

प्रश्न असा आलाय: क्लाउडवर चालणाऱ्या लाइव्ह व्हिडिओच्या साधनाची माहिती मराठीत आणताना वाक्य झालं, ‘या मुक्त स्रोत मिश्रकात अनेक स्रोतांचे मिश्रण व मार्गनिर्देशन करता येते.’ पहिला स्रोत ‘ओपन सोर्स’मधला, दुसरा कॅमेऱ्याचा. वाचणारा अडखळतो. काय करावं?

आधी शब्दाची गंमत. संस्कृतात ‘स्रोतस्’ म्हणजे ओघ, प्रवाह. ‘स्रु’ म्हणजे वाहणे, पाझरणे. ‘स्राव’ त्याच घरचा. इंग्रजीतलं ‘स्ट्रीम’सुद्धा याच प्राचीन मुळाचं. म्हणजे स्ट्रीमिंगला शोभणारा शब्द आपण नेमका उगमाच्या गळ्यात बांधलाय! (‘स्त्रोत’ मात्र लिहू नका. स आणि र यांच्यामध्ये त नाही.)

‘मुक्त स्रोत’ आता रुळलाय, तो राहू द्या. बदलायचा तो दुसरा. मिक्सरमध्ये, म्हणजे अनेक कॅमेरे-माइक एकत्र आणणाऱ्या साधनात, जे आत येतं ती ‘आवक’, बाहेर जाते ती ‘जावक’. टपालाच्या वहीतले शब्द इथे चपखल बसतात. बीबीसीच्या ‘ब्रेव्ह’ या मुक्त स्रोत साधनात तर इनपुट, मिक्सर, आउटपुट अशीच मांडणी आहे. आत येणाऱ्याला बोलताना सगळे ‘फीड’ म्हणतात, तेही चालेल.

खरी अडचण ‘मिश्रण’ची आहे. आवाज खरंच मिसळतात. दोन माइकच्या आवाजांची बेरीज होते आणि मग ते सुटे करणं महाकठीण. चित्रांचं तसं नसतं. वक्त्याची चौकट कोपऱ्यात, मागे स्लाइड: इथे काहीच मिसळलेलं नाही, एकावर एक मांडलंय. एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर कट केला तर तेवढंही नाही. एक चित्र विरत दुसरं उमटतं, त्या क्षणभरापुरतं काय ते मिश्रण. ‘ब्रेव्ह’ ज्याच्यावर उभं आहे त्या जीस्ट्रीमर या ध्वनी-चित्र हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा भेद नावातच दिसतो: आवाजासाठी ‘ऑडिओमिक्सर’, चित्रासाठी ‘कंपोझिटर’. पूर्वी चित्रासाठीही ‘व्हिडिओमिक्सर’ होता, तो मागे पडला. कंपोझिटरला प्रत्येक चित्रासाठी आडवं-उभं स्थान, पारदर्शकता आणि कोण वर, कोण खाली हे सांगायचं असतं. ही मांडणीच झाली. म्हणून आवाज ‘मिसळा’, चित्रं ‘मांडा’. यंत्राला मात्र मिक्सरच म्हणा; ‘मिश्रक’ वाचून सिमेंट आठवतं.

‘राउटिंग’साठी वापरलेलं ‘मार्गनिर्देशन’ मला पाटीवरच्या बाणासारखं वाटतं: वाट दाखवून मोकळं. राउटिंगमध्ये प्रवाह प्रत्यक्ष वळवला जातो. स्टुडिओत त्यासाठी केबल काढून दुसरीकडे खोचावी लागे किंवा राउटरचं बटण दाबावं लागे. क्लाउडवर पत्ता बदलला की झालं. पण एकच फीड रेकॉर्डिंगलाही हवं आणि प्रक्षेपणालाही, तेव्हा ‘वळवणे’ अपुरं पडतं. तिथे जीस्ट्रीमर ‘टी’ नावाचा घटक लावतो, नळजोडणीतल्या ‘टी’सारखाच. त्याला आपल्याकडे ‘फाटा काढणे’ आहेच.

तर वाक्य असं करून बघा: ‘या मुक्त स्रोत मिक्सरमध्ये अनेक फीड घेता येतात, त्यांची चित्रं हवी तशी मांडता येतात, आवाज मिसळता येतात आणि तयार प्रवाह हवा तिकडे वळवता येतो किंवा त्याला फाटे काढता येतात.’ लांबलंय खरं. दोन वाक्यं करा.