जुना बोअर, जुनं काडतूस: वाचकांचे प्रश्न

जुन्या शिकारी काडतुसांविषयी आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. भारतात 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकार बंद आहे. म्हणून शिकारीविषयीची उत्तरं परदेशातल्या परवानाधारक वाचकांसाठी आहेत, आणि इथल्या वाचकांना वारशाने आलेल्या बंदुकीपुरतं किंवा इतिहासापुरतंच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. 1920 च्या दशकातली 16 गेजची (गेज किंवा बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) पंप बंदूक लिलावात घेतली. दुकानातली नवी काडतुसं आत सहज जातात, पण बार झाल्यावर पुंगळी बाहेर येताना अडकते आणि धक्काही जास्त बसतो. बंदूक बिघडली आहे का?

बंदूक बहुधा ठणठणीत असेल, काडतूस मात्र तिचं नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच अमेरिकी 16 गेज बंदुकांचं चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, 2 9/16 इंचांचं, म्हणजे 65 मिलिमीटरचं असे. आज दुकानात मिळतं ते 70 मिलिमीटरचं.

फसगत इथे होते: काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यानंतर तोंड उघडलेल्या पुंगळीची असते. भरलेल्या काडतुसाचं तोंड चुणी घालून आत मुडपलेलं असतं, म्हणून 70 चं काडतूस हातात घेतलं तर 60 च्या आसपासच भरतं आणि 65 च्या चेंबरमध्ये विनातक्रार बसतं. बार झाला की चुण्या उलगडतात, पण त्यांना जागा नसते. त्या चेंबरपुढच्या निमुळत्या भागात शिरतात आणि छर्‍यांची वाट अरुंद करतात. दाब वाढतो, तोच तुम्हाला खांद्यावर जाणवतो. शिवाय पुंगळी बाहेर पडण्याची खिडकीही त्या काळी आखूड पुंगळीच्या मापाने कापलेली असे. म्हणून ती अडकते.

अंदाजावर विसंबू नका, चेंबर मोजून घ्या. चेंबरची लांबी मोजायचा पितळी गेज (हा नळीचा गेज नव्हे) स्वस्तात मिळतो. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून तो आत सरकवा. चेंबर संपतं तिथे तो थांबतो, आणि त्यावरच्या खुणेत लांबी वाचता येते. 65 निघाली तर 2½ इंची किंवा 65 मिलिमीटर असं स्पष्ट छापलेली काडतुसंच घ्या. चेंबर आणि खिडकी वाढवून देणारे कारागीर अमेरिकेत आहेत, पण आमचं मत विचाराल तर हात लावू नका. मूळ अवस्थेतल्या बंदुकीची किंमत त्याने उतरते, आणि आखूड काडतुसाने काही कमी पडतं असंही नाही.

उलट 16 गेजची खरी मजा त्या हलक्या भरणीतच, म्हणजे काडतुसातल्या छर्‍यांच्या बेताच्या वजनातच आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या 16 गोळ्या केल्या तर एका गोळीचा व्यास तोच 16 गेजच्या नळीचा, 0.662 इंच. अशा एका गोळीचं वजन बरोबर एक औंस, आणि 16 गेजची परंपरेने चालत आलेली भरणीही एक औंस छर्‍यांचीच. एवढे छर्रे या नळीत उंचीला बेताचे राहतात. रास उंच झाली की तळाचे छर्रे वरच्यांच्या भाराने चेपतात आणि चेपलेले छर्रे भरकटतात. बर्मिंगहॅमचा बंदूककार ग्रीनर याचा जुना ठोकताळा असा की बंदुकीचं वजन भरणीच्या 96 पट असावं. एक औंसाला सहा पौंड, म्हणजे 2.7 किलो. दिवसभर रानात हातात वागवायला यापरतं वजन नको. ग्राउस, वुडकॉक अशा पक्ष्यांसाठी अमेरिकी 7½ नंबरचे एक औंस, म्हणजे साधारण 350 छर्रे, पुरेसे आहेत.

मग 16 मागे का पडला? स्कीटच्या, म्हणजे उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या स्पर्धांत 12, 20, 28 आणि .410 असे चार गट ठरले, 16 ला जागाच मिळाली नाही. पुढे तीन इंची 20 गेज आला. आणि बऱ्याच कंपन्यांनी 16 ची नळी 12 च्याच सांगाड्यावर बसवली, त्यामुळे हलकेपणाचा फायदाही गेला. काडतुसाचा यात काही दोष नव्हता.

प्रश्न : आजोबांची बर्मिंगहॅमची दुनळी बारा बोअर आहे. नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. परवाना माझ्या नावावर करतो आहे. ती चालवता येईल का? (सातारा)

आधी कायद्याचं. परवानाधारक वारल्यावर बंदूक तशीच घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावाचा परवाना मिळवावा लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, तेही लक्षात घ्या.

ती नक्षी दमास्कस नळीची. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून जोडत. नक्षी कितीही सुरेख असली तरी आतला एखादा सांधा गंजाने पोखरलेला आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून नळ्या सुट्या करून खालच्या सपाट भागावरचे तपासणीचे ठसे वाचा. काळ्या दारूच्या काळात तपासलेली बंदूक आजच्या धूरविरहित दारूसाठी तपासलेली नसते. ‘एनपी’ ही अक्षरं नायट्रो, म्हणजे धूरविरहित दारूच्या तपासणीची. 1925 ते 1954 मधल्या ठशांत ‘नायट्रो प्रूफ’ आणि पुढे औंसात जास्तीत जास्त भरणी लिहिलेली आढळते. 1954 नंतर चेंबरची लांबी आणि दर चौरस इंचाला टनांत दाब. ‘नॉट फॉर बॉल’ असं दिसलं तर बंदूक 1875 ते 1887 मधली. त्याचा अर्थ चोक असलेली, म्हणजे तोंडाशी थोडी आवळलेली नळी, तिच्यातून अखंड गोळी सोडायची नाही.

ठसा त्या दिवसाचा असतो, आज नळी तशीच आहे याची हमी तो देत नाही. 12, 13/1, 13 असे आकडे नळीचा आतला व्यास सांगतात: 12 म्हणजे 0.729 इंच, 13/1 म्हणजे 0.719, 13 म्हणजे 0.710. कारागिराकडून हा व्यास मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजून घ्या. ठशापेक्षा दहा थाउने (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढला असेल तर कुणीतरी गंज घासून काढताना धातूही काढला आहे. नळीची जाडीही मोजायला सांगा. सर्वांत पातळ जागी ती 20 थाउच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर भला कारागीर ती बंदूक चालवू नका म्हणूनच सांगेल.

घरी करता येतील अशा तीन तपासण्या. सुट्या नळ्या हुकाला सुताने टांगून बोटाच्या पेराने वाजवा. घंटेसारखा नाद आला तर मधल्या पट्टीचं झाळकाम शाबूत आहे, भद्द आवाज आला तर कुठेतरी सुटलं आहे. नळ्या जोडून, पुढचं लाकूड न लावता हलवून पाहा. सांध्यात खुळखुळ नको. दस्त्याचं लाकूड धातूला भिडतं तिथे तेल मुरून काळं पडलंय का, बारीक चीर आहे का, ते उजेडात बघा. नळीला पोचा असेल तर तो काढून घेतल्याशिवाय एकही बार काढायचा नाही. छर्रे त्या जागी आदळतात आणि नळी तिथेच फुगते किंवा फाटते.

दमास्कस नळी, ठसा फक्त काळ्या दारूचा आणि तपासायला जाणता कारागीर नाही, अशी स्थिती असेल तर आमचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. हलकं तेल लावा, कोरड्या जागी ठेवा. चामड्याच्या पेटीत कायमची ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि नळी त्याच बाजूने गंजते. आजोबांची कागदी काडतुसंही असतील तर ती ओलीने फुगलेली असणार, बूडही हिरवं पडलं असेल. ती जोर लावून बसवू नका, विक्रेत्यामार्फत नियमाने जमा करा.

प्रश्न : 12 आणि 20 गेजची काडतुसं एकाच पिशवीत ठेवली तर काय बिघडतं?

जीव जाऊ शकतो. 20 चं काडतूस 12 च्या चेंबरमधून पुढे सरकतं आणि चेंबरपुढच्या निमुळत्या भागात अडकून बसतं. मागून बघितलं तर नळी रिकामीच वाटते. बार होत नाही म्हणून माणूस 12 चं काडतूस घालतो, ते नीट बसतं, आणि चाप ओढला की नळी डाव्या हातापाशी फुटते. 28 चं काडतूस 20 मध्ये असंच अडकतं. अमेरिकेत 20 ची पुंगळी पिवळी करतात ती यासाठीच. एका वेळी एकाच गेजची पिशवी बाहेर काढा, आणि घरी परतल्यावर खिसेही रिकामे करा.

प्रश्न : टेक्सासमध्ये हरणांच्या मोसमासाठी 7×57 माउझर घेऊ की एखादं नवं मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचं काडतूस? मित्र म्हणतात जुनं काडतूस ‘कमजोर’ आहे.

1892 सालचं हे काडतूस आहे. इंग्लंडमध्ये रिग्बी या बंदूककाराने त्यालाच .275 असं नाव दिलं. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर 1907 मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची. साधारण नऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला 800 मीटरच्या आसपास वेगाने जाते. व्हाइटटेल हरणासाठी 200 ते 250 मीटरपर्यंत हे पुरेसं आहे. धक्का कमी, म्हणून सरावाला माणूस कंटाळत नाही आणि चाप ओढताना डोळे मिटत नाही. नेम त्यातूनच सुधारतो.

अमेरिकी कारखान्यांची 7×57 काडतुसं मुद्दाम सौम्य भरलेली असतात, कारण 1893 च्या घडणीच्या जुन्या स्पॅनिश रायफली अजून वापरात आहेत आणि त्यांना जास्त दाब झेपत नाही. मित्रांचं ‘कमजोर’ हे मत त्या भरणीवरून झालं असावं. तुमची रायफल जुनी असेल तर ही सौम्य काडतुसंच योग्य. जुन्या रायफलींची नळी 11.2 ग्रॅमच्या लांब गोळीसाठी कापलेली असते. हलक्या, टोकदार गोळीला नळीतल्या चाकोऱ्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) गाठायला लांब उडी घ्यावी लागते आणि नेम पसरू शकतो. तसं झालं तर जड गोळी वापरून बघा.

याच पत्रात लिव्हरच्या रायफलींच्या .30-30 काडतुसाबद्दलही विचारलंय. लिव्हरच्या रायफलीत नळीसारखं मॅगझिन असतं, काडतुसं एकामागे एक ओळीने असतात. म्हणून गोळी चपट्या नाकाची. कठीण टोकाची गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर (बुडातला, ठिणगी देणारा भाग) टेकते आणि धक्क्याने मॅगझिनमध्येच बार होऊ शकतो. 150 मीटरच्या आतल्या झाडीत ही रायफल उत्तम.

प्रश्न : जुन्या इंग्रजी रायफलींत .470, .465, .475 असे विचित्र आकडे का? (नाशिक)

याचं उत्तर हिंदुस्थानात आहे. 1898 मध्ये रिग्बीने .450 नायट्रो एक्सप्रेस आणलं आणि मोठ्या जनावरांसाठी तेच मानाचं काडतूस ठरू लागलं. पण .577/450 मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफली सरकारविरोधी हातांत बऱ्याच होत्या. शिकारी .450 च्या गोळ्या त्यांत वापरल्या जातील या धास्तीने 1907 च्या सुमारास सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये हा बोअर बंद केला. बंदूककारांचं मोठं गिऱ्हाईकच इथलं. त्यांनी थोडा मोठा व्यास घेऊन तेच काम करणारी काडतुसं पुढे आणली. आपल्याकडच्या .315 मागेही हाच विचार आहे. नागरिकाच्या हातात लष्कराचं .303 नको, म्हणून मान्लिखरच्या 8×50 वरून बेतलेलं हे काडतूस.

प्रश्न : ऑन्टारिओत जुन्या .303 च्या काडतुसांचा डबा मिळाला. बुडावर ‘के एफ’ आहे. वापरू का?

के एफ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना, 1869 सालचा. ठसा बघून आनंद व्हावा अशीच गोष्ट आहे, पण ही लष्करी काडतुसं हरणासाठी नाहीत. पूर्ण वेष्टणाची गोळी जनावराला जायबंदी करून आरपार जाते, आणि अनेक प्रांतांत तिला बंदी आहे. कागदी लक्ष्यावर चालतील, पण दोन गोष्टी पाळा.

जुन्या काडतुसात टोपी पेटली तरी बार उशिरा होऊ शकतो. नुसता ‘टक्’ आवाज आला तर नळी लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबा, मग बोल्ट (चेंबर बंद करणारी मागची खिट्टी) उघडा. दुसरं, या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून नळीत मिठासारखा क्षार राहतो, तो हवेतली ओल ओढतो आणि रात्रीत गंज धरतो. तेलाने हा क्षार विरघळत नाही, पाण्यानेच विरघळतो. त्याच दिवशी उकळतं पाणी नळीतून ओता, कोरड्या चिंध्या फिरवा, मग तेल लावा. बोल्टचं तोंडही पुसा.

नवी पितळी पुंगळी पुन्हा भरत असाल तर: .303 च्या ली-एनफिल्ड रायफलीचं चेंबर सैल असतं, पुंगळी बुडाच्या थोडी वर ताणली जाते आणि काही भरण्यांनंतर तिथूनच तुटते. टोक वाकवलेली तार आत घालून भिंत चाचपा. खाच लागली तर पुंगळी फेका. फक्त मान आवळून भरली तर ती जास्त टिकते.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलीला क्ले (उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी) शिकवायचं आहे. .410 सर्वांत हलकी, तीच घेऊ ना? (लेस्टर)

.410 नको. अडीच इंची काडतुसात जेमतेम 14 ग्रॅम छर्रे, तेही उंच राशीत, त्यामुळे चेपलेले आणि विरळ. नेम बरोबर असूनही तबकडी फुटत नाही आणि मूल हिरमुसतं. 20 गेज घ्या, 21 किंवा 24 ग्रॅमची भरणी, बंदूक तीन किलोच्या आसपास, आणि दस्ता तिच्या हाताच्या मापाचा कापून घ्या. पहिल्या दिवशी 25 काडतुसं पुरे.