२०० एमबीपीएसचा प्लॅन, माजघरात २८: कंपनी बदलण्याआधी एक वायर लावून बघा

तुम्ही लिहिलंय की गुहागर तालुक्यातल्या जुन्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घरी २०० एमबीपीएसचं फायबर घेतलं, पेटी (फायबरचा मोडेम-राउटर) ओटीवर बसवली, आणि माजघरात मोबाईलवर जेमतेम २८ दिसतात. कंपनीचा माणूस दोनदा येऊन 'सिग्नल चांगला आहे' म्हणून गेला. आता कंपनी बदलावी का, असं विचारताय. माझं म्हणणं, इतक्यात नको. तो माणूस आणि तुम्ही, दोघंही खरं बोलत असाल अशी दाट शक्यता आहे. तो बोलतोय फायबरच्या तारेतून पेटीपर्यंत येणाऱ्या प्रकाशाबद्दल आणि तुम्ही पेटीपासून माजघरापर्यंत येणाऱ्या वाय-फायबद्दल. हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि खड्डा कुठल्या रस्त्यावर आहे ते कळल्याशिवाय भांडणात जीव घालवू नये.

मी वेंगुर्ल्याजवळ राहते, २०२१ पासून घरूनच हिशेबाचं काम करते. जीएसटीचं रिटर्न २० तारखेला भरायचं असतं आणि त्याच दिवशी नेट रडलं की काय होतं ते मी दोन पावसाळे भोगलंय. आमच्याकडे येणारा मुलगाही तेच म्हणायचा, "लाईट हिरवी आसा मां, मग लाईन बरीच आसा." त्याचं चूक नव्हतं. पण माझी अडचणही खोटी नव्हती.

तर आज रात्री एवढंच करा. लॅपटॉप ओटीवर न्या, पेटीच्या लॅन पोर्टमध्ये (मागच्या चौकोनी भोकात) लॅन केबल घालून तिचं दुसरं टोक लॅपटॉपला जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, घरातले बाकीचे मोबाईल दहा मिनिटं नेटवरून काढा आणि स्पीड टेस्ट लावा. चाचणीसाठी मुंबईचा सर्व्हर निवडा. वायरवर १८०-१९० आले तर कंपनी तिचं काम करतेय, दोष घरात आहे.

९३-९४ वर येऊन आकडा घट्ट थांबला, तर तो फार बोलका आकडा आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्ष हाती पडतात ते तेवढेच. म्हणजे वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर अडकलीय. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० ला त्यातल्या चारच पुरतात, १००० ला आठही लागतात. एक तार तुटली किंवा तिच्या टोकाला हिरवट गंज चढला की दोन्हीकडची यंत्रं आपसूक १०० वर उतरतात; नेट चालू राहतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, खारं वारं वर्षभर, आणि केबल स्वस्तातली, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. पूर्ण तांब्याची कॅट-६ (१००० ला चालणारी लॅन केबल) घेतली, नवीन टोकं मारून घेतली, आणि आकडा त्याच दिवशी सुटला. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या पानावर इथरनेट उघडलं की 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे १०० की १००० ते वाचा. आणखी एक गोष्ट पेटीच्या पाठीवर पाहा: कंपनीकडून येणाऱ्या बऱ्याच पेट्यांना एकच पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे १००० एमबीपीएसचं, असतं, बाकीची १०० ची. चुकीच्या भोकात वायर घालून लोक महिनोन् महिने तक्रार करत बसतात.

पण तुमचे २८ माजघरात, मोबाईलवर येतात. त्यामुळे मला खात्रीसारखं वाटतंय की खरा अडथळा तुमच्या भिंतीत आहे.

शहरातल्या फ्लॅटमधल्या चार-सहा इंचांच्या विटांच्या भिंती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले सल्ले आपल्याकडे चालत नाहीत. आपल्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या, कुठे फूटभर, कुठे दीड फुटाच्या. जांभा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात पाणी पितो आणि आठवडेच्या आठवडे ओला राहतो. पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेतं. म्हणून मे महिन्यात ज्या खोलीत बरं चालत होतं तिथेच जुलैत रडतं, आणि आपण म्हणतो की पावसात लाईन खराब झाली. वाय-फाय सहसा दोन प्रकारच्या लहरींवर चालतं, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झच्या. त्यातही ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान असलं तरी भिंत ओलांडताना फार लवकर दमतं. २.४ गिगाहर्ट्झचं जास्त लांब पोचतं, पण त्याचा वेगच मुळात कमी. पलीकडच्या खोलीत मोबाईलने ५ सोडून २.४ धरलं की २५-४० मिळणं हे नेहमीचंच आहे. तुमचे २८ बरोबर त्यातच बसतात. काही पेट्यांमध्ये तर ५ गिगाहर्ट्झ नसतंच, तेही एकदा विचारून घ्या.

पडताळा सोपा आहे. मोबाईल घेऊन पेटीसमोर, ओटीवरच, ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडून टेस्ट करा. मग माजघराच्या दारात, दार उघडं ठेवून. मग भिंतीआड. तीन आकडे कागदावर लिहिलेत की भिंत किती खाते ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

यावर बाजारात पहिला उपाय सांगतात तो वाय-फाय रिपीटरचा, म्हणजे वाय-फाय पकडून पुढे पाठवणाऱ्या डबीचा. तो भिंतीआड लावला तर त्याला जे अर्धमेलं मिळतं तेच तो पुढे वाटतो, आणि साधा रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच लहर वापरतो, म्हणून उरलेल्यातलंही निम्मं जातं. मी घेतला होता, पैसे वाया गेले. खरा उपाय वायरचा. ओटीपासून माळ्यावरून, वाशांच्या कडेकडेने, कॅट-६ केबल न्या, माजघरात खाली उतरवा आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट तिथे वाय-फायवर वाटण्यासाठी, लावा. जुना राउटर पडून असेल तर तोही चालतो, फक्त ५ गिगाहर्ट्झचा आणि गिगाबिट पोर्टचा हवा. केबल १०० मीटरपर्यंत चालते, तेवढं लांब घर कुणाचं नसतं. चिऱ्याला भोक पाडायची गरज सहसा पडत नाही. भिंत आणि कौलं यांच्यामध्ये फट असतेच. केबल प्लास्टिकच्या नळीतून न्या, माळ्यावर उंदीर असतात. मेश (घरभर एकच वाय-फाय देणारा दोन-तीन डब्यांचा संच) घेणार असाल तरी त्याचे डबे एकमेकांना वायरनेच जोडा, नाहीतर मधली भिंत आहे तिथेच राहते.

गणपतीत चाकरमानी आले की घरात एकाच वेळी पंधरा-वीस मोबाईल वाय-फायवर असतात. तेव्हाचे आकडे धरून निष्कर्ष काढू नका.

आता समजा ओटीवर वायर लावूनही ४०-५० च आले. मग खड्डा बाहेरच्या रस्त्यावर आहे, आणि तिथे दोन शक्यता.

एक, प्रकाश कमी पडतोय. पेटीच्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर' किंवा 'ऑप्टिकल पॉवर' नावाचा उणे आकडा असतो, पेटीपर्यंत किती प्रकाश पोचतो ते सांगणारा. उणे १५ ते उणे २४ च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ ही घरगुती पेट्यांची साधारण शेवटची मर्यादा. दर ३ ने आकडा उतरला की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २० वरून उणे २६ म्हणजे चौथाई. लक्षात घ्या, प्रकाश थोडा कमी झाला म्हणून वेग थोडा कमी होत नाही. काठावर येईपर्यंत सगळं ठीक चालतं आणि काठावर आलं की चुका सुरू होतात, डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, मध्येच लाल दिवा लागतो. आमचा आकडा उन्हाळ्यात उणे १९ असायचा, जुलैत उणे २६ झाला. काचेच्या धाग्यातल्या प्रकाशाला पाऊस बाधत नाही. बाधतं ते खांबावरच्या जोडाच्या डब्यात शिरलेलं पाणी, माडाच्या झावळीने ओढलेली तार, वानरांनी लोंबकळून केलेला पीळ. तौक्ते वादळानंतर, म्हणजे मे २०२१ नंतर, आमच्या वाडीत तुटलेल्या तारांना जागोजागी जोड दिले गेले होते. त्यातलाच एक डबा उघडून पुन्हा जोडला तेव्हा आकडा परत उणे २० वर आला.

घरातली पिवळी किंवा पांढरी फायबर तार खिळ्याला गुंडाळलेली नाही ना, तेही बघा. पाणी प्यायच्या पेल्याच्या तोंडापेक्षा लहान वेटोळं घालू नये, प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. फायबर तारेच्या हिरव्या टोकाला बोट लावू नका आणि चालू तारेच्या टोकात डोळा घालून तर कधीच बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

दुसरी शक्यता गर्दीची. आपल्याकडे जी फायबर साधारणपणे येते तिच्यात एका धाग्यावर जवळपास २.५ गिगाबिट असतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. त्यापुढे गावातून शहराकडे जाणारी कंपनीची लाईन अपुरी असेल तर संध्याकाळी सगळेच अडकतात. पहाटे सहाला आणि रात्री नऊला, वायरवरच, चार दिवस टेस्ट करून स्क्रीनशॉट ठेवा. पहाटे १९० आणि रात्री ३५ असा फरक दिसला तर दोष तुमच्या घरात नाही, आणि तेव्हा कंपनी बदलायचा विचार रास्त आहे. मात्र शेजारी दुसरी कंपनी वापरणाऱ्याकडे जाऊन रात्री नऊचाच आकडा आधी बघा. महिन्याचा डेटा संपल्यावर वेग उतरवण्याची अट तुमच्या प्लॅनमध्ये आहे का, तेही वाचा. तसं असेल तर महिनाअखेरचे आकडे धरू नका.

तक्रार करायची वेळ आली तर 'नेट स्लो आहे' असं सांगू नका. 'वायरवर, गिगाबिट पोर्टवर, अमुक वेळेला इतके येतात, ऑप्टिकल पॉवर इतकी आहे' असं सांगा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार कंपनीत तक्रारीच्या वर अपील करायची सोय असते, आणि ते करताना तो नंबर लागतो. आकडे सांगायला लागल्यापासून आमच्याकडे येणारा मुलगा मीटर घेऊनच येतो आणि सरळ खांबावर चढतो.

आज रात्रीचे आकडे इथे खाली लिहा: वायरवर किती, लिंक स्पीड किती, ऑप्टिकल पॉवर किती. पेटीच्या मागच्या पोर्टांवर काय छापलंय तेही. माजघरापर्यंत केबल कुठून न्यायची ते मग घराची रचना सांगितलीत की बघू.