‘भाजी तू केलीस?’ हा टोमणा होता का?

प्रश्न: परवा जेवताना सासूबाईंनी विचारलं, ‘भाजी तू केलीस?’ मी ‘हो’ म्हटलं, त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत. नवरा म्हणतो साधा प्रश्न होता, मला टोमणा वाटला. शब्द तीनच, मग भांडण कशावरून? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, जोर कुठल्या शब्दावर होता ते तुम्ही लिहिलंच नाहीत आणि सगळी गंमत तिथेच आहे. ‘केलीस’वर असेल तर भाजी झाली की व्हायचीय एवढंच विचारायचं होतं, पण भाजी ताटात होती म्हणजे तो अर्थ बाद. ‘भाजी’वर असेल तर आमटी कोणाची हा पुढचा प्रश्न. आणि ‘तू’वर असेल तर तू की दुसरं कोणी.

जोराचं काम इतकंच, ज्या शब्दावर पडतो त्याच्या जागी दुसरं काय असू शकलं असतं ते दाखवायचं. ‘बाबा उद्या पुण्याला जाणार का?’ यात ‘उद्या’ दाबून म्हटलं तर नुसतं ‘नाही’ पुरत नाही, ‘नाही, परवा’ म्हणावं लागतं, ‘पुण्याला’ दाबलं तर ‘नाही, मुंबईला’. साध्या विधानातही तेच, ‘मी पैसे घेतले नाहीत’ मध्ये ‘मी’वर जोर दिलात की दुसऱ्या कोणीतरी घेतलेत असं आपोआप सुचवलंत, मग घरात चौकशी सुरू!

‘का’ची तर वेगळीच तऱ्हा. दार उघडून ‘तू का आलास?’ म्हणताना ‘का’वर जोर दिला तर कारण विचारलं, आलेला माणूस दुखावणार. ‘तू’वर जोर देऊन ‘का’ अर्धा गिळला तर, ‘अच्छा, तू होय, मला वाटलं दूधवाला’. लिहिताना दोन्ही सेम दिसतं, म्हणून तर व्हॉट्सॲपवर एवढे गैरसमज होतात. तिथे मग आपण ‘च’ लावतो, ‘तूच केलीस?’, नाहीतर अक्षरं ताणतो, ‘अज्जिबात’, ‘खूऽऽप’.

तर सासूबाईंचा जोर ‘तू’वर होता असं धरू. तरी त्यातून कौतुक की टोमणा ते कळत नाही हं, जोर फक्त ‘तू की दुसरं कोणी’ एवढंच सांगतो, बाकीचं चेहरा आणि सूर सांगतात, आणि तुम्ही बहुतेक ताटाकडे बघत होतात. पुढच्या वेळी ‘हो, मीच केली, मीठ जास्त झालंय का?’ असं विचारून बघा, आणि वर बघून विचारा.