आयर्लंडच्या खेड्यात चुलीसाठी टर्फ कधी कापतात आणि ते वाळायला किती दिवस लागतात?

कापणी साधारण एप्रिलअखेर ते जूनदरम्यान होते आणि हवा चांगली राहिली तर चुलीजोगे टर्फ ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत घरी येते, म्हणजे तीनेक महिने धरा. कारण टर्फ म्हणजे दलदलीतले पीट, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर, आणि ताज्या पिटात वजनाच्या जवळपास ९० टक्के पाणीच असते. ‘श्लान’ या अरुंद, बाजूला पाते असलेल्या फावड्याने (आता बहुधा यंत्राने) विटा कापून जमिनीवर पसरतात. आठवडा-दोन आठवड्यांत वरची साय धरली, की वीट उचलली तरी मोडत नाही. मग येते ‘फूटिंग’, सगळ्यात कंबरमोडे काम: चार-पाच विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, वर एक आडवी ठेवायची. मधून वारा खेळला पाहिजे, कारण टर्फ उन्हापेक्षा वाऱ्याने वाळते. नंतर मोठे ढीग, मग घर. पुरती वाळलेली वीट पावसात फारशी पाणी पीत नाही. साय धरण्याआधी मुसळधार पाऊस आला, तर मात्र तिचा चिखल होतो. फार लवकर कापू नये, ओल्या विटेला दहिवर गोठवणारी थंडी लागली की ती भुसभुशीत होऊन चुरते. अर्धओले टर्फ नुसते धुमसते आणि धुराड्यात काजळी धरते.

एक लक्षात ठेवा: कापणीचा परंपरागत हक्क असलेली कुटुंबे घरापुरते टर्फ वापरू शकतात, पण ३१ ऑक्टोबर २०२२पासून दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रीला बंदी आहे.